'शाब्बास' म्हणण्याआधी : मुलांना रोजचं प्रोत्साहन कसं द्यायचं

मूल तीन-साडेतीन वर्षांचं झालं की घरात दोन मतं पडतात. एक मत आजीचं : "तोंडावर कौतुक करू नका, डोक्यावर बसेल. शिवाय नजर लागते." दुसरं मत मोबाइलवरच्या व्हिडिओंचं : मुलाला दिवसभर 'सुपर', 'अमेझिंग' म्हणत राहा, आत्मविश्वास आपोआप वाढेल. नवे आईबाबा मधल्यामध्ये सापडतात. मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या घरांतली मुलं माझ्यासमोर बसलेली असतात. काहींनी घरी कधी चांगला शब्द ऐकलेला नसतो, तर काहींना कागदावर एक रेघ ओढली तरी टाळ्या मिळालेल्या असतात. गंमत अशी की फळ्यावर जरा अवघड काही लिहिलं की दोघांचीही गाडी एकाच ठिकाणी अडते. पहिली म्हणतात, "बाई, मला नाही येणार." दुसऱ्यांना नेमकी त्याच वेळी बाथरूमला जायचं असतं.

आपल्याला जमेल, असं मुलाला मनातून वाटायला हवं. ते कौतुकाच्या रतीबाने वाटत नाही आणि कौतुक गिळून टाकल्यानेही नाही. काहीतरी स्वतः करून पाहिलेलं असावं लागतं आणि ते कुणीतरी नीट बघितलेलं असावं लागतं. पुढच्या पायऱ्या साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. सगळ्या एकदम सुरू करू नका. पहिल्या दोन बसल्या की बाकीच्या सोप्या जातात.

पहिली पायरी : आठवडाभर आपलंच बोलणं ऐका

काही बदलायच्या आधी घरात काय चाललंय ते बघा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीन रकाने आखा : सूचना, तक्रार, दखल. "चल आटप", "दूध संपव", "टीव्ही बंद कर" या सूचना. "किती वेळा सांगायचं", "तुझं हे नेहमीचंच" या तक्रारी. मुलाने केलेल्या गोष्टीबद्दल साधं एखादं वाक्य बोललात, तर ती दखल. संध्याकाळी सहा ते नऊ एवढाच वेळ धरा आणि प्रत्येक वाक्याला एक रेघ मारा. सकाळी व्हॅनवाले काका खाली हॉर्न वाजवत असताना कुणीच संत नसतं, ती वेळ मोजू नका.

बहुतेक घरांत पहिला रकाना भरून वाहतो, दुसराही बऱ्यापैकी भरतो आणि तिसऱ्यात एखाद-दुसरी रेघ असते. त्यावरून स्वतःला बोल लावायची गरज नाही. लहान मुलं असलेल्या घरात सूचना असणारच. पुढच्या आठवड्यात फक्त तिसऱ्या रकान्यात रोज दोन-तीन रेघा येतील असं बघा. एकदम वीस नकोत. आईने कुठलातरी लेख वाचलाय हे मुलांना लगेच कळतं.

दुसरी पायरी : दिसलं तेवढंच सांगा

सगळ्यात जास्त सराव या पायरीला लागतो. आपल्या तोंडी बसलेले शब्द म्हणजे हुश्शार, शहाणं बाळ, गुड गर्ल, एकदम मस्त. हे शब्द प्रेमाचेच आहेत, पण त्यातून मुलाला आपण नेमकं काय केलं ते समजत नाही.

पाच वर्षांची मुलगी आजीशेजारी मटार सोलायला बसलीय असं समजा. निम्मे दाणे जमिनीवर, काही तोंडात, उरलेले पातेल्यात. अर्ध्या तासाने ती पातेलं घेऊन येते. तुम्ही "अरे वा, किती हुश्शार!" म्हणालात तर ती हसेल आणि विषय संपेल. त्याऐवजी पातेल्यात जरा डोकावून बघा. "शेंग शिवणीवर अंगठ्याने दाबलीस म्हणून बघ, दाणे अख्खे निघालेत." आता तिला आपल्या अंगठ्याची करामत कळली. पुढच्या वेळी ती धाकट्या भावाला शिकवायला बसेल, आणि जरा दादागिरीही करेल.

वाक्य कसं रचायचं? मुलाने काय केलं ते आधी, कसं केलं ते त्यानंतर, आणि त्याने कुणाचं काय सोपं झालं ते जमलं तर. तिन्ही गोष्टी दर वेळी लागत नाहीत.

'छान चित्र' म्हणण्याऐवजी : "या आभाळात तीन वेगळे निळे दिसतायत. हा इथला कसा केलास?"

'गुड बॉय' म्हणण्याऐवजी : "ताईचं ताक सांडलं तेव्हा कुणी न सांगता तू फडकं आणलंस. तिला बरं वाटलं असेल."

'अक्षर सुंदर' म्हणण्याऐवजी वहीच जवळ घ्या. पहिली-दुसरीच्या मुलांना 'ळ' फार छळतो. ओळभर काढलेल्या 'ळ'मध्ये एखादा तरी असा निघतोच की ज्याच्या दोन्ही गाठी सारख्या आल्यात. तो आपण शोधून दाखवायचा नाही. मुलालाच विचारायचं, "या ओळीतला तुला सगळ्यात जमलेला कुठला वाटतो?" त्याने बोट ठेवलं की त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल करा. मुलं बहुतेक वेळा बरोबर निवडतात. आपलं काम आपणच पारखायची सवय इथून लागते, आणि पुढे दर दोन मिनिटांनी "बाई, बरोबर आहे का?" विचारायला येणं कमी होतं.

'हुशार' या शब्दाला माझा जरा जास्तच विरोध आहे, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना आधी सोपी कोडी दिली. सुटल्यावर काहींना सांगितलं, 'तू हुशार असणार', आणि काहींना सांगितलं, 'तू मेहनत घेतली असणार.' नंतर मुद्दाम कठीण कोडी दिली, ती कुणालाच नीट जमली नाहीत. मग पुन्हा पहिल्यासारखी सोपी. 'हुशार' ठरलेल्या मुलांची कामगिरी या शेवटच्या फेरीत आधीपेक्षा खाली आली, मेहनतीबद्दल ऐकलेल्यांची वर गेली. आपले गुण दुसऱ्या, अनोळखी मुलाला लिहून कळवायचे होते, तेव्हा हुशार म्हटलेल्या गटात ते वाढवून सांगणारीही जास्त निघाली. त्यांच्या बाजूने विचार केला तर हे समजण्यासारखं आहे. हुशारीचा शिक्का बसला की एक चूक झाली तरी तो जायची भीती. त्यापेक्षा अवघड गणिताच्या वाटेलाच जायला नको.

यावरून काही घरांत उलटं टोक गाठतात आणि दिसेल त्याला "किती मेहनत केलीस!" सुरू होतं. पाच मिनिटांत उरकलेल्या गृहपाठाला मेहनत म्हटलं तर मूल मनात हसतं. चुकीच्या रीतीने तासभर घासलेल्यालाही नुसती मेहनत म्हणून भागत नाही, त्याला रीत दाखवावी लागते.

आणि आवाज चढवू नका. 'अप्रतिम', 'जगात भारी' हे शब्द आपण कुणासाठी वापरतो ते बघा : जे मूल आधीच स्वतःला कमी समजतं, त्याच्यासाठी. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना व्हॅन गॉगचं रानगुलाबांचं चित्र बघून काढायला दिलं आणि मग चित्रकाराच्या नावाने चिठ्ठी दिली. काहींच्या चिठ्ठीत 'सुंदर', काहींच्या चिठ्ठीत 'कमालीचं सुंदर'. पुढे कुठलं चित्र काढायचं, सोपं की अवघड, हे मुलांनी ठरवायचं होतं. स्वतःबद्दल कमी वाटणाऱ्या मुलांनी 'कमालीचं सुंदर' वाचल्यावर अवघड चित्र टाळलं. हे निष्कर्ष २०१४ साली आले. थोडक्यात, बुजऱ्या मुलाशी साध्या आवाजात, खरं आणि नेमकं बोला.

तिसरी पायरी : घरातलं खरं काम द्या

१९८६ साली कॅलिफोर्निया राज्याने लोकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कृतिदल नेमलं होतं. त्या काळात तिथल्या शाळांतही 'मी खास आहे' छापाच्या उपक्रमांची लाट आली. पुढे २००३ साली रॉय बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन एकत्र करून तपासलं, तेव्हा नुसता आत्मसन्मान फुगवल्याने मुलांचा अभ्यास सुधारतो याला फारसा पुरावा सापडला नाही. चांगलं काम झालं की त्यामागून स्वतःबद्दल बरं वाटतं, हेच जास्त दिसलं. आपल्या आज्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

म्हणून मुलाला काम द्या, आणि खरं काम द्या. खेळण्यातला गॅस आणि प्लॅस्टिकची भाजी खेळायला ठीक आहे, पण त्यावर कुणाचं जेवण अडत नाही. आपल्यावाचून काहीतरी अडतं, हे मुलाला कळायला हवं.

तीन-चार वर्षांचं मूल ताटाशेजारी वाट्या मांडू शकतं, रुमालांच्या घड्या घालू शकतं, सोलाण्याचे किंवा मटारचे दाणे काढू शकतं. पाच-सहाला कोथिंबीर निवडणं, कुंड्यांना पाणी, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं. सात-आठला आपलं दप्तर वेळापत्रक बघून आपणच भरणं, कणीक मळायला मदत, पोळी लाटणं. नऊ-दहाला कोपऱ्यावरच्या वाण्याकडून चार वस्तू आणून सुटे पैसे मोजून हिशोब देणं. अकरा-बाराला शेजारी मोठं माणूस उभं असताना कुकर लावणं, आजीच्या गोळ्यांची वेळ लक्षात ठेवणं. गोळी हातात मात्र मोठ्यानेच द्यायची. ही यादी दगडावरची रेघ नाही, तुमचं घर आणि तुमचं मूल बघून ठरवा. सुरी आणि गॅस याबाबतीत मुलाच्या हौसेपेक्षा तुमच्या सावधपणाला मान द्या.

काम एकच द्या, पण ते त्याचं म्हणून द्या. "आज वाट्या मांड" आणि "वाट्या मांडणं तुझ्याकडे" यात फरक आहे. दुसऱ्यात मूल पाहुणे आल्यावर स्वतःच मोजायला लागतं : आज किती जण, वाट्या पुरतील का.

आता पोळीचं. मुलाने पहिली पोळी लाटली की तिचा भारताचा नकाशा होतो आणि घरात हा विनोद झालाच पाहिजे असा जणू नियम आहे. विनोद चालेल, पण त्याआधी असं बोलणं होऊ द्या :

"आई, गोल नाही झाली."

"हो, इकडे लांबलीये. लाटणं कुठे जास्त दाबलंस?"

"इथे. अंगठ्याकडे."

"मग पुढची लाटताना पोळी थोडी थोडी फिरवत जा. पिठी घे जराशी, नाहीतर चिकटेल."

तुम्ही 'गोल झालीये रे' असं खोटं बोलला नाहीत आणि त्याच्या हातून लाटणंही घेतलं नाहीत. चूक कुठे झाली ते त्यानेच शोधलं. एक गोष्ट मात्र पाळा : ती वाकडी पोळी त्याच्यासमोर मोडून परत लाटू नका. भाजा, तूप लावा आणि बाबांच्या ताटात वाढा. बाबांनी ती नेहमीच्या पोळीसारखी खावी. "काय मस्त झालीये, अशी पोळी कधी खाल्लीच नाही" वगैरे नाटक नको. आणि मुलगा पोळ्या लाटतोय म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या, पुढे शिकायला घराबाहेर पडल्यावर त्याला पोळी शोधत हिंडावं लागणार नाही.

तुमचं मूल शेजारच्या मुलापेक्षा मागे असेल तर काम त्याच्या आत्ताच्या जागेपासून सुरू करा. कोसबाडच्या टेकडीवर, आजच्या पालघर जिल्ह्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. वारली मुलं शाळेत येईनात, कारण कुणाला गुरं राखायची होती, कुणाला धाकटं भावंडं सांभाळायचं होतं. मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली, गुरं चरायची त्या कुरणात गेली, आणि बिया, पानं, शिंपले हेच शिकायचं साहित्य झालं. मुलाला येत असलेल्या कामाला तिथे अडथळा मानलं नाही.

चौथी पायरी : हात मागे बांधा

ही पायरी लिहायला छोटी आणि करायला सगळ्यात अवघड. मूल शर्टाची बटणं लावतंय, चुकीच्या काजात घालतंय, आणि तुमचा हात आपोआप पुढे जातो. हात मागे घ्या, मनात दहा आकडे मोजा. दहाव्यापर्यंत निम्म्या वेळा त्याचं त्यालाच कळतं.

नाहीच जमलं तर मदतीच्या पायऱ्या ठेवा. आधी विचारा : "कुठे अडलंय?" मग एकदा करून दाखवा. मग अर्धं तुम्ही करा, पण शेवटचा भाग त्याच्यासाठी ठेवा. बुटाची नाडी शिकवताना तुम्ही दोन्ही फासे करून द्यायचे आणि खेचून गाठ घट्ट करणं त्याने. दुसऱ्या आठवड्यात एक फासाही त्याचा. असं मागून पुढे आलं की दर वेळी काम पूर्ण होण्याचा क्षण त्याच्या हातात येतो. खेचल्यावर नाडी घट्ट बसते तेव्हा त्याचा चेहरा बघा, वेगळं काही बोलावं लागत नाही.

पाचवी पायरी : फसलं तेव्हा

घटक चाचणीचा पेपर येतो. वीसपैकी चौदा. मराठी घरात यापुढचे दोन प्रश्न ठरलेले : "सहा कुठे गेले?" आणि "वर्गात सगळ्यात जास्त कुणाला?" दुसरा प्रश्न तर कायमचा बंद करा. त्याच्या उत्तराने तुमच्या मुलाला काहीही शिकता येत नाही.

पेपर हातात घेऊन शेजारी बसा. समोर बसलात की चौकशी वाटते. आधी बरोबर आलेल्यांपैकी एखादं गणित दाखवून विचारा, "हे कसं सोडवलंस?" मग चुकलेल्यांवर या आणि तीन ढीग करा : येत नव्हतं, येत होतं पण घाईत गेलं, प्रश्नच कळला नव्हता. वर्गवारी मुलाने करायची. सहा गुण एकदम गेले की मन खचतं. त्यातले तीन घाईचे, दोन न कळलेल्या प्रश्नाचे आणि एकच गुण न येणाऱ्या गणिताचा निघाला की पुढे काय करायचं ते दिसायला लागतं.

दुसरी-तिसरीत नेहमी दिसणारी एक चूक सांगते. ५२ वजा २७ बरोबर ३५. मोठ्यांना हा वेंधळेपणा वाटतो. मुलाला विचारा, "एककात काय केलंस?" ते म्हणेल, "सातातून दोन गेले, पाच." म्हणजे त्याने विचार केलाय. दोनातून सात जात नाहीत, म्हणून जे जातं ते त्याने केलं. मग सांगता येतं, "दशक-एकक बरोबर मांडलंस. दोनातून सात जात नाहीत हेही तुला कळलं. आता अडल्यावर दशकाकडून मागून घ्यायचं राहिलं." काडेपेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे करून एक जुडगा सोडून दाखवा, दहा मिनिटांचं काम आहे. "लक्ष कुठे असतं तुझं?" या वाक्याने ते जुडगं कधीच सुटणार नाही.

सगळंच फसणं असं दुरुस्त करण्यासारखं नसतं. स्नेहसंमेलनात वाक्य विसरलं, कबड्डीच्या संघात निवड झाली नाही, वाढदिवसाला मित्राने बोलावलं नाही. तिथे आपण घाईने "काही नाही होत, पुढच्या वेळी पहिला नंबर येईल बघ" म्हणतो. पुढच्या वेळचं वचन देणारे आपण कोण? "सगळे बघत होते आणि वाक्य आठवेना, कसंतरी झालं असेल" एवढं म्हणा आणि गप्प बसा. रडू आलं तर येऊ द्या. "रडूबाई" म्हणायचं नाही आणि "मुलगे रडत नाहीत" तर अजिबातच नाही. उपाय दुसऱ्या दिवशी, तोही त्याने विचारला तर.

पाहुणे, फोन आणि टोपणनावं

याला पायरी म्हणत नाही, कारण यात करण्यापेक्षा न करण्याच्याच गोष्टी जास्त आहेत.

पाहुणे आले की "मावशीला कविता म्हणून दाखव" सुरू होतं. काही मुलांना ते मनापासून आवडतं, ती सोफ्यावर चढून म्हणतात. काहींच्या पोटात गोळा येतो. आपलं मूल कुठल्या जातीचं ते आपल्याला माहीत असतं, तरी आपण आग्रह करतो. पाहुणे यायच्या आधी त्याला विचारून ठेवा. नको म्हणालं तर मावशीसमोर तुम्ही त्याची बाजू घ्या : "आज नाही म्हणतोय तो, पुढच्या वेळी." त्याऐवजी पाणी आणून देणं, सरबत ढवळणं अशी भूमिका त्याला दिली तर बुजरं मूलही पाहुण्यांत मिसळतं.

फोनवर बहिणीशी बोलताना "आमचं ध्यान काही खात नाही गं, अभ्यासाचं तर नावच नको" हे आपण मूल खोलीत असताना बोलतो. ते कार्टून बघत असलं तरी कान तुमच्याकडे असतात. हीच गोष्ट उलट वापरता येते. त्याला ऐकू जाईल अशा बेताने आजोबांना सांगा, "काल लाइट गेले तेव्हा हिने मेणबत्ती आणि काडेपेटी शोधून दिली." स्वतःच्या माघारी झालेल्या कौतुकावर मुलं जास्त विश्वास ठेवतात.

वेंधळी, आळशी, ढ, मुखदुर्बळ, आमचा जाड्या. यातलं एखादं नाव घरात लाडाने चिकटलेलं असतं. मूल मग त्या नावाला जागतं. "वेंधळा आहेस" म्हणण्याऐवजी "पाण्याची बाटली परत शाळेत राहिली. आठवण राहायला काय करूया?" म्हटलं तर बोलणं बाटलीपुरतं राहतं. भावंडांत 'हुशार कोण, खेळकर कोण' अशी वाटणीही करू नका, कारण मग एकाने पुस्तक सोडायचं आणि दुसऱ्याने मैदान.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या, आणि आता पुण्या-ठाण्याच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्याही बाबतीत एक वेगळी जखम होते. सुट्टीत आलेलं मूल धाडसाने म्हणतं, "मी पाणी पिली" किंवा "तो बस आला", आणि सगळं घर खो-खो हसतं. चुलत-मामे भावंडं महिनाभर ते वाक्य म्हणत राहतात. ते मूल पुढच्या सुट्टीत मराठी बोलत नाही. न हसता, बरोबर वाक्य उत्तरात गुंफा : "हो का, आली बस? चला मग." त्याला कळतं, आणि अपमान होत नाही.

आजीला कसं सांगायचं

सासूबाईंना व्याख्यान देऊ नका. 'नजर लागते' म्हणणाऱ्या आजीला मुलाचं काय जपायचं आहे ते समजून घ्या. गर्व चढू नये, एवढंच तिला हवंय, आणि तुम्हालाही तेच हवंय. "आई, तुम्ही तिला नुसतं काय केलंस ते विचारत जा, कौतुक नको" असं म्हटलं तर आजी खूश होते, कारण यात कौतुक करायचं नसतंच. दिसलं ते सांगणं आजीला आपल्यापेक्षा चांगलं जमतं. गोधडीचा टाका चुकला की कुठला चुकला हे ती पिढी बोट ठेवून सांगते. रात्री झोपताना दृष्ट काढत असतील तर काढू द्या, मिठा-मोहरीने आत्मविश्वास कमी होत नाही. इतर मुलांशी तुलना करायची नाही, यावर मात्र ठाम राहा, आणि ते मुलासमोर नाही, नंतर बोला.

बक्षिसांचं काय?

मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ सालचा प्रयोग यासाठी लक्षात ठेवा. बालवाडीतली चित्रं काढायची आवड असलेली मुलं घेतली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे वर्गात कागद-पेनं मोकळी ठेवल्यावर याच मुलांनी चित्रं काढण्यात इतरांच्या निम्माच वेळ घालवला. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिलं होतं त्यांची आवड टिकली. म्हणून मुलाला आधीपासून आवडणाऱ्या गोष्टीला लाच लावू नका. पाढे पाठ झाले की चॉकलेट, हा सौदा लवकरच महाग पडतो. सगळ्यांनी मिळून माळा आवरला आणि बाबा म्हणाले, "चला, आज भेळ खाऊ", याला काहीच हरकत नाही.

प्रोत्साहन देणाऱ्या घरात 'नाही' चालत नाही, असाही एक समज पसरलाय. चालतं, रोज चालतं. नऊ वाजता मोबाइल बंद म्हणजे बंद. रागावलात तरी कृतीवर रागवा : "भिंतीवर पेनने लिहायचं नाही, ओलं फडकं आण आणि पूस." पुसून झाल्यावर विषय संपवा, जेवताना परत काढू नका.

शाळेत काही बिनसलं तर

घरी इतकं जपलं आणि शाळेत कुणी सगळ्यांसमोर उभं करून लाजवलं तर? आधी मुलाचं पूर्ण ऐका, मग शिक्षकांना वेगळी वेळ मागून भेटा. गेटवर, इतर पालकांसमोर नको. आमच्या बाजूने सांगते, "तुम्ही असं का केलंत?" पेक्षा "तो दोन दिवस शाळेत यायला तयार नाही, काय झालं ते समजून घ्यायचंय" याला सरळ उत्तर मिळतं. तरीही थांबलं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला मनाई करतंच, मानसिक छळालाही करतं. अर्जात त्या कलमाचा उल्लेख करा.

आणि काही गोष्टी प्रोत्साहनाच्या पलीकडच्या असतात. मूल आठवडेच्या आठवडे गप्प आहे, झोप-जेवण बिघडलंय, आवडीचे खेळ सोडलेत, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं बोलतंय, तर वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना सांगा, ते समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. मुलाला कुणी मारहाण करत असेल, त्रास देत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. तो क्रमांक मुलालाही पाठ करून घ्या, घरच्या फोन नंबरासोबतच.